सोन्याचें गांव



धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या दिवशीं, अंधेरीहून रोज सकाळची गाडी धरणाऱ्या आपणांस आम्ही दुसऱ्या एका गाडीची हकीगत सांगतों. मारिकुप्पम हें कोलारच्या सोन्याच्या खाणींचें स्थानक. कोलार प्रांत एके काळीं शहाजीराजांच्या जहागिरींत होता. तेथील माळावर खाण खणण्याचा परवाना १८७५ सालीं लव्हेल नांवाच्या आयरिश शिपायानें मिळविला. १८८० पासून जॉन टेलर कंपनीनें काम हातीं घेतलें. १९०२ सालीं शिवनसमुद्राच्या धबधब्यावरून वीज आली. मजूर बहुतेक तामीळ. ते तट्ट्यांच्या झोपड्यांत राहात. पुढें खाणी तीन हजार मीटरांहून खोल गेल्या. तेथें खडक तापलेला, आणि तो केव्हां फुटेल याचा नेम नाहीं! धुळीनें छाती पोखरे. आठशे टनांहून अधिक सोनें निघालें. त्यांतलें किती त्यांच्या लेकींच्या गळ्यांत पडलें, हें विचारूं नये.

१९५६ सालीं खाणी सरकारी झाल्या. २८ फेब्रुवारी २००१ रोजीं बंद पडल्या. सायनाईडच्या मातीच्या टेकड्या राहिल्या आणि माणसेंही राहिलीं. त्यांचीं मुलें-नातवंडें कामासाठीं सुमारें शंभर किलोमीटरांवरील बंगळूरची गाडी पहाटे अंधारांतच धरतात, आणि परततात तीं दिवे लागल्यावर.