वाटीभर दही



परवा एक आजी सल्ला विचारायला आल्या होत्या. दूध प्यायलं की पोट डब्ब होतं, गुरगुरतं, म्हणून त्यांनी दूध सोडलं होतं. इथवर ठीक. पण दुधाचंच म्हणून दही-ताकही बंद केलं होतं. घर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मग ब-१२ जीवनसत्त्व मिळणार कुठून? शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळतं. मी म्हटलं, "आजी, दूध राहू द्या, दही सुरू करा. आधी दोन चमचे, मग अर्धी वाटी."

"अहो, पण ते दुधाचंच ना?"

दुधाचंच, पण विरजणातल्या जिवाणूंनी ते थोडं पचवून ठेवलेलं असतं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर तान्हेपणी भरपूर असतं आणि वाढत्या वयात बऱ्याच जणांच्या पोटात कमी होतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि पोट फुगतं. विरजणातले जिवाणू या साखरेचा काही भाग रात्रीतच खातात आणि त्याचं आम्ल करतात. त्या आम्लानेच दुधातलं प्रथिन गोठतं, म्हणजे दही लागतं. शिवाय हे जिवाणू जिवंतपणी पोटात गेले, तर त्यांच्याजवळचं लॅक्टेज उरलेली साखर फोडायला मदत करतं. आजींना दही सोसलं, ते यामुळे.

या जिवाणूंचा शोध फार जुना नाही. १९०५ साली स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाला बल्गेरियातल्या दह्यात एक दंडाकृती जिवाणू दिसला. पुढे नोबेलविजेते मेचनिकॉफ यांनी, बल्गेरियातले शेतकरी दह्यामुळेच दीर्घायुषी होतात, असं मांडलं आणि युरोपात दह्याची लाट आली. ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घेत आणि एकाहत्तराव्या वर्षी वारले. सांगायचा मुद्दा इतकाच, की दह्याकडून अमृताची अपेक्षा ठेवू नये. २०२४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, आठवड्याला निदान दोन कप दही खाल्ल्याने मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं लिहायला दही-उत्पादकांना परवानगी दिली. पण पुरावा मर्यादित आहे, हेही सोबत लिहायला लावलं. ज्यांना मधुमेह झालेलाच आहे, त्यांनी दह्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नयेत.

खात्रीचं आहे ते असं. दीडशे ग्रॅमच्या वाटीतून पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि पाचेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. प्रौढ माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे एका वाटीत सहावा हिस्सा आला. वर तरंगणारं पाणी ओतून देऊ नका, त्यातही कॅल्शियम आणि ब-२ जीवनसत्त्व उतरलेलं असतं. श्रीखंडाचं मात्र आरोग्याच्या नावाखाली समर्थन करता येत नाही. चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर पडते त्यात. सणाला खावं, आवडीने खावं.

कढीत जिवाणू मरतात, म्हणून ती निरुपयोगी, असं काही जण सांगतात. कॅल्शियम आणि प्रथिनं उकळून उडून जात नाहीत. कढी खुशाल करा, फक्त जिवंत जिवाणू हवे असतील तर पानात दही किंवा ताक वेगळं घ्या. महिनोन्महिने बाहेर टिकणारं खोक्यातलं ताकसुद्धा तापवलेलंच असतं. आणि घरचं ताक म्हणजे खरं तर लोणी काढलेलं. हल्ली आपण दह्यात पाणी घालून रवी फिरवतो आणि त्यालाच ताक म्हणतो. चवीला बिघडत नाही, पण स्निग्धांश सगळा आत राहतो. रक्तदाब असेल तर मीठ बेताने, जिरेपूड आणि कोथिंबीर हवी तेवढी.

विरजण लावताना दूध आधी उकळून घ्या आणि कोमट होऊ द्या. बोट बुडवून चटका बसत असेल तर थांबा, नाहीतर विरजणातले जिवाणूच मरायचे. थंडीत भांडं फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं, की सकाळपर्यंत दही लागतं. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र लावू नका. आम्ल धातूला खातं आणि दही कळकतं. ते चव न घेता टाकून द्यावं.

काही प्रतिजैविकांच्या गोळ्या, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिन, दह्यासोबत घेतल्या तर कॅल्शियम त्यांना बांधून ठेवतं आणि औषध पुरतं अंगी लागत नाही. दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही प्रमाण विचारूनच ठरवावं.

रात्री दही खावं की नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आयुर्वेदात ते वर्ज्य सांगितलं आहे. ज्यांना त्रास होतो त्यांनी तो नियम पाळावा. होत नसेल त्यांनी दहीभात खायला माझी हरकत नाही.

त्या आजी आता दुपारी वाटीभर दही खातात. तुम्हीही उद्यासाठी आज रात्री विरजण लावा, आणि भांडं रिकामं करण्याआधी चमचाभर दही बाजूला काढून ठेवायला विसरू नका.