माळव्याच्या वाटेवर : धार आणि देवास

मुंबई-पुण्याकडील मराठी माणूस माळव्यात जातो तो बहुधा उज्जैनच्या महाकाळासाठी, नाहीतर ओंकारेश्वरासाठी. वाटेत मांडू उरकून घ्यावयाचा आणि धार व देवास ही गावे मोटारीच्या काचेतून पाहावयाची, असा एकंदर शिरस्ता आहे. इंदूर-ग्वाल्हेरची नावे मोठी, म्हणून तेथे तरी मुक्काम पडतो. पवारांच्या या दोन गावांच्या वाट्याला अर्धा दिवसही येत नाही. ज्याला नर्मदेपलीकडचा मराठ्यांचा संसार पाहावयाचा आहे त्याने मात्र या दोहोंना एकेक पुरा दिवस द्यावा, आणि मांडूसाठी आणखी एक रात्र राखून ठेवावी.

आगगाडीने जाणाऱ्याने इंदुरास उतरावे हे सोयीचे. तेथून धार सुमारे पासष्ट किलोमीटर पश्चिमेला, तर देवास त्याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर ईशान्येला. देवासला उज्जैनच्या लोहमार्गावर स्वतःचे स्थानकही आहे. मोटारीने जाणाऱ्यांचा रस्ता जुना, म्हणजे मुंबई-आग्रा मार्गच. नाशिक, धुळे, शिरपूर, सेंधवा करीत खलघाटाजवळ नर्मदा ओलांडली की पुढे विंध्याचा चढ लागतो. तो उजेडी चढावा. घाटावर हवा पालटते, ती अंगाला कळते. माळव्याच्या रात्रींची ख्याती उगीच झालेली नाही. पौष-माघात जाणाऱ्याने लोकरीचे कपडे विसरू नयेत. वैशाखात जाणाऱ्याने दुपारी बाहेर पडू नये.

धारेत शिरताना भोजराजाचे नाव ओठांवर असते. परंतु मराठी प्रवाशाने आधी किल्ल्यावर जावे. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या यशवंतराव पवारांचे हे गाव. राघोबादादांच्या धामधुमीच्या काळात आनंदीबाईंना याच किल्ल्यात आसरा मिळाला आणि १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म येथेच झाला. मराठेशाहीचा शेवटचा पेशवा पुण्यात नव्हे तर धारेत जन्मला, ही गोष्ट शाळेत शिकलेल्यांपैकी फारच थोड्यांच्या लक्षात असते. मुंज तलावाच्या काठी पवारांच्या छत्र्या आहेत, त्या संध्याकाळी पाहाव्यात. लाट मशिदीजवळ प्रचंड लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आहेत. लोककथेत तो एका तेलिणीच्या तराजूचा दांडा ठरला आहे. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडविणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके हे मूळ वसईचे; त्यांनी आपली कर्मशाळा थाटली ती धारेत. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या माणसाने त्यांच्या शिल्पशाळेची चौकशी केल्यावाचून धार सोडू नये.

भोजशाळेविषयी दोन शब्द अवश्य सांगावयास हवेत. मंगळवारी हिंदूंची पूजा, शुक्रवारी मुसलमानांची नमाज आणि एरवी प्रेक्षकांना प्रवेश, अशी व्यवस्था २००३ साली ठरली होती. पुढे वाद न्यायालयात गेला आणि २०२४ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने पुरातत्त्व खात्याने तेथे पाहणी केली. तेव्हा निघण्यापूर्वी, विशेषतः वसंतपंचमीच्या सुमारास, ताजी चौकशी करावी. आत गेल्यावर दगडांवर कोरलेले व्याकरणाचे सर्पबंध निवांत पाहावेत. पाहुण्याने आवारात वादविवाद मांडू नये. आपण दोन दिवसांनी घरी परततो. गावातील लोकांना मात्र एकमेकांच्या शेजारीच नांदावयाचे असते.

धारेहून मांडू सुमारे पस्तीस किलोमीटर. पावसाळ्यात तो सर्वांत देखणा, पण धुकेही तेव्हाच दाटते. रूपमतीच्या छत्रीतून नर्मदा दिसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून पायांत घसरणारे जोडे नसावेत. वाटेवर अवाढव्य बुंध्याची, मुळेच वर केल्यासारखी दिसणारी झाडे लागतील. आपल्याकडे ज्याला गोरखचिंच म्हणतात त्याला तेथे खुरासानी इमली हे नाव आहे. नाव खुरासानचे असले तरी झाडाचे माहेर आफ्रिका! अंगोला, मोझांबिककडे हीच झाडे रानोमाळ उभी आहेत. अरबी व्यापाऱ्यांबरोबर त्यांचे बी मांडूच्या सुलतानांच्या काळी आले असावे, असे मानतात. फळातील आंबट गर बाजारात मिळतो, तो घ्यावा. बुंध्यावर स्वतःचे नाव कोरण्याचा मोह मात्र आवरावा.

देवासची तऱ्हा वेगळी. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार भावांनी अठराव्या शतकात येथे राज्य थाटले, आणि वाटणी अशी झाली की एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती, दोन राजवाडे आणि दोन दरबार नांदू लागले. हा दुहेरी संसार १९४८ साली मध्य भारतात विलीन होईतो चालला. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव डोळ्यांनी पाहिला व १९५३ च्या आपल्या पुस्तकाला देवासच्या टेकडीचेच नाव दिले. ती टेकडी पायऱ्यांनी चढावी. वृद्धांसाठी रज्जुमार्ग आहे. वर तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना बडी माता व छोटी माता म्हणतात. नवरात्रात गर्दी लोटते, तेव्हा लहान मुले बरोबर असतील तर पहाटेच निघावे.

याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्व राहिले. बेळगावकडील हा गायक क्षयाने ग्रासलेला असताना १९४८ साली कोरड्या हवेसाठी येथे आला. गाणे बंद होते, अंथरुण सुटत नव्हते. त्या काळात कानांवर पडलेल्या माळवी लोकगीतांनी त्यांच्या गायकीला नवी वाट दिली. १९९२ साली त्यांचा देह येथेच पडला. त्यांचे घर पाहण्याची इच्छा रसिकांना होणारच. परंतु घर हे संग्रहालय नव्हे. आधी विचारल्याशिवाय दार ठोठावू नये.

या दोन्ही गावांत जुन्या मराठी घरांतून मराठी ऐकू येते. तिला हिंदीचा आणि माळवीचा रंग चढलेला आहे. लकब निराळी, काही शब्द निराळे. पुण्याहून गेलेले काही लोक ती ऐकून हसतात. हे बरे नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी घरदार सोडून नर्मदा ओलांडली, त्यांनी भाषा इतकी सांभाळली हेच थोर. वडीलधाऱ्यांशी बोलताना 'आपण' म्हणावे, आणि चहा पुढे आला तर नको म्हणू नये. सकाळच्या पोह्यांबरोबर जिलेबी येईल, तिलाही नकार देऊ नये. दुपारी दाल-बाफले जेवल्यावर मात्र टेकडी चढण्याचा बेत कोणी आखू नये. तो दुसऱ्या दिवशी सकाळवर टाकावा.