उपचार संपतात तेव्हा



‘आता आमच्या हातात काही राहिलेले नाही, यांना घरी घेऊन जा,’ हे वाक्य ज्या घराने कधी ऐकलेले नाही असे घर विरळाच. ते उच्चारणारा डॉक्टर निष्ठुर असतो असे नव्हे. पुढे काय करावयाचे, हे त्याला कोणी शिकविलेलेच नसते. साडेचार वर्षे तो निदान शिकतो, शस्त्रक्रिया पाहतो, औषधांची मात्रा पाठ करतो. पण बरा न होणारा रोगी त्याच्या अभ्यासातून जणू वजा केलेला असतो.

वास्तविक हा रोगी वैद्यकाला नवा नाही. चरकसंहितेने साध्य आणि असाध्य यांच्याबरोबर ‘याप्य’ असाही एक वर्ग मानला. रोग समूळ जाणार नाही, पण उपचाराने आटोक्यात ठेवता येईल, असा त्याचा अर्थ. आधुनिक काळात या विचाराला शास्त्रीय बैठक दिली ती इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे केले. वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाची, कुटुंबाची, पैशाची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते, हे त्यांनी रोग्यांचे ऐकून घेऊन मांडले.

भारतात १९८६ मध्ये मुंबईत शांती आवेदना सदन सुरू झाले. १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमनाचे काम संस्थारूपाने सुरू केले. पुढे गावोगावचे स्वयंसेवक त्यात उतरले, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने या सेवेचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. शेजारच्या अंथरुणावरील माणसाची चौकशी करणे हे समाजाचे काम आहे, डॉक्टर त्यात साहाय्यक, ही त्यामागची धारणा. महाराष्ट्राने यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

सर्वांत मोठी विसंगती मॉर्फिनची. नीमच आणि गाझीपूर येथे अफूवर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने ज्या देशात आहेत, त्याच देशात कर्करोगाचे असंख्य रोगी मॉर्फिनवाचून तळमळत जातात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात परवान्यांचे असे जाळे विणले गेले की रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले. भीती मात्र गेली नाही. मॉर्फिन म्हणजे व्यसन, मॉर्फिन म्हणजे शेवट, असे मानणारे डॉक्टर आजही आहेत. कारण उघड आहे. मॉर्फिनची साधी गोळी चार-चार तासांनी कशी द्यावी, मात्रा कशी वाढवावी, तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक का द्यावे, हे विद्यार्थिदशेत त्यांनी रोग्याच्या खाटेशी पाहिलेलेच नाही.

२०१९ पासून लागू झालेल्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात हा विषय आला, हे स्वागतार्ह आहे. भूलशास्त्राच्या प्रकरणात मरणासन्न रोग्याच्या वेदनाशमनाची तत्त्वे समाविष्ट आहेत; संवाद आणि नीतिमूल्ये यांचाही स्वतंत्र पाठ आहे. परंतु जे परीक्षेत विचारले जात नाही ते वाचले जात नाही, हे कोणत्याही विद्यार्थ्याला सांगावयास नको! आणि अध्यापकांनीच हे कधी शिकलेले नसेल, तर ते शिकविणार काय?

यातील पुष्कळसे ज्ञान साधे आहे. चिघळलेल्या जखमेच्या दुर्गंधीमुळे नातवंडेही आजीजवळ येत नाहीत. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकली की ती दुर्गंधी बरीच ओसरते आणि माणसे पुन्हा खाटेशी बसू लागतात. याला महागडे यंत्र लागत नाही.

कठीण आहे ते बोलणे. ‘बाबांना काही सांगू नका,’ असे मुलगा दाराबाहेर गाठून सांगतो. आत बाबांना सारे कळलेले असते आणि मुलाला त्रास नको म्हणून तेही गप्प असतात. या दोन मौनांच्या मधे डॉक्टरने खुर्ची ओढून बसावयाचे असते आणि आधी विचारावयाचे असते, ‘तुम्हाला आजाराबद्दल काय वाटते?’ हे व्याख्यानाने येत नाही. अंतर्वासितेच्या आधीच विद्यार्थ्याने घरोघर जाणाऱ्या परिचारिकेबरोबर काही दिवस हिंडावे, तिची पिशवी धरावी, रोग्याला कुशीवर कसे वळवितात ते पाहावे. प्रात्यक्षिक परीक्षेत एक रोगी असाही असावा, ज्याच्यापुढे निदान विचारले जाणार नाही. त्याची रात्र कशी गेली, एवढेच विद्यार्थ्याने त्याला विचारावयाचे असेल.