संगणक जोडताना

मनोहर पर्रीकरांच्या काळातल्या सायबरएज योजनेने गोव्यात अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले. तेव्हा मिळाला तसा घेतला; आज सुटे भाग निवडून जोडता येतो. मग पैसे आधी कशावर घालावेत?

माझे उत्तर, एसएमपीएसवर. म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. माटोळीची चौकट भक्कम बांधल्यावरच आपण फळे टांगतो ना? पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा दाब वर-खाली होतो. हलका एसएमपीएस जळताना मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. म्हणून पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या, घरचे अर्थिंग तपासा, यूपीएस लावा.

मग जुळणी. प्रोसेसर आणि मदरबोर्डचे सॉकेट एकच हवे. डीडीआर४ रॅम डीडीआर५च्या खाचेत बसत नाही. ५०० जीबीची एसएसडी रोजच्या कामाला पुरते. डिचोलीत खाणींची लाल धूळ, पेडण्याच्या किनाऱ्यावर खारा वारा. म्हणून कॅबिनेट जाळीचा घ्या आणि जाळी महिन्याला झाडा. रंगीत दिवे नसले तरी चालेल.

जोडणी मुलांच्या हातून करून घ्या. पुढे एखादा भाग बिघडला, तर तेवढाच बदलायचे धाडस त्यांना येईल; अख्खा संगणक भंगारात जाणार नाही.