स्वयंसेवक कोठे गेले?



अमेरिकेच्या ग्रामीण भागात आग लागली की ती विझवावयास बहुधा पगारी जवान येत नाहीत. गावातलेच शेतकरी, सुतार, दुकानदार हातचे काम टाकून धावतात. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली फिलाडेल्फियात असे स्वयंसेवी अग्निशमन मंडळ स्थापिले, इतकी ही परंपरा जुनी आहे. ती आज खचत आहे. १९८४ मध्ये त्या देशात असे सुमारे नऊ लाख स्वयंसेवक होते. २०२० मध्ये ते पावणेसात लाखांवर आले. याच काळात मदतीच्या हाका तिपटीहून अधिक वाढल्या. एकट्या पेन्सिल्व्हेनियात १९७० च्या दशकात सुमारे तीन लाख असलेली संख्या २०१८ च्या सरकारी अहवालानुसार अडतीस हजारांच्या आसपास उरली.

वडीलधाऱ्यांचे निदान सोपे आहे : नवी पिढी आत्मकेंद्रित झाली. हे निदान कितपत खरे मानावयाचे?

बाप गावालगतच्या खाणीत वा पोलादाच्या कारखान्यात पाळीने राबत असे. भोंगा वाजला की मुकादम त्याला सोडीत असे, कारण मुकादमाचे घरही त्याच गावात होते. पुढे खाणी आणि कारखाने बंद पडले. मुलगा आता तासाभराच्या अंतरावर नोकरीला जातो; त्याची पत्नीही नोकरी करते. त्याचा मालक गावात राहत नाही. काम सोडून गेल्यास तो वेतन कापतो. शिवाय पूर्वी वडीलधाऱ्यांच्या मागे फिरून शिकता येई. आता शंभराहून अधिक तासांचे विनावेतन प्रशिक्षण हवे. तेही पार पाडले, तर बंबासाठी गावजेवणे घालून निधी जमविण्याचे काम उरतेच. आग विझवावयाची आणि नळीची किंमतही आपणच उभी करावयाची, असा हा व्यवहार आहे!

म्हणजे आटला आहे तो सेवाभाव नव्हे. सेवेसाठी लागणारा मोकळा वेळ आटला आहे. शासनाने हे श्रम फुकट घेतले आणि त्यांच्या पुनरुत्पादनाची चिंता मात्र केली नाही. परिणाम विषमतेचा आहे. श्रीमंत उपनगर पगारी दल ठेवू शकते; गरीब खेडे शेजारच्या गावाच्या बंबाची वाट पाहते.

याला पर्याय नाही असे नाही. जर्मनीत आजही सुमारे दहा लाख नागरिक हे काम स्वेच्छेने करतात. तेथे आगीच्या हाकेवर गेलेल्या कामगाराचे वेतन कायद्याने कापता येत नाही, आणि खाजगी मालकाला त्याची भरपाई नगरपालिका देते. किशोरवयीन मुलामुलींची अग्निशमन पथके १९६४ पासून राष्ट्रीय पातळीवर संघटित आहेत. तेथेही माणसे कमी पडतात, हे खरे. परंतु तेथे त्यागाची सारी किंमत त्याग करणाऱ्याच्याच माथी मारली जात नाही.

आपल्या शिबिरांतूनही 'तरुण येत नाहीत' हे गाऱ्हाणे नित्य ऐकू येते. कंत्राटी नोकरीतल्या त्या तरुणाची पाळी केव्हा सुटते, रजा घेतली तर त्याची मजुरी बुडते काय, हे किती शाखांनी विचारले आहे? त्याला दोष देण्यापूर्वी एवढी चौकशी झाली पाहिजे. आठ तासांच्या दिवसासाठी आणि भरपगारी रजेसाठी लढणे हेही स्वयंसेवक घडविण्याचेच काम आहे.