मताधिकाराचा अभ्यास आणि अधिछात्रवृत्तीचे प्रयोजन

(पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



शेती, आरोग्य वा अभियांत्रिकी या विषयांत संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला शासनाने अधिछात्रवृत्ती द्यावी, हे आता सर्वमान्य आहे. सुधारित बियाणे, नवी लस, स्वस्त यंत्र असे त्याचे फळ डोळ्यांना दिसते. परंतु मतदार यादी, मतदानाचे प्रमाण, ग्रामसभेतील उपस्थिती अशा विषयांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला सार्वजनिक पैशातून दरमहा रक्कम का द्यावी, असा प्रश्न आजही विचारला जातो. अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी आज प्रयत्न करणार आहे. लोकशाहीत ज्याचे नाव यादीत नाही, तो बहुधा आकडेवारीतही नसतो. त्याला मोजण्याचे काम बाजार करीत नाही आणि प्रशासनाला त्यासाठी सवड नसते. ते काम कोणाला तरी वेळ आणि निर्वाहाची हमी देऊनच करून घ्यावे लागते.

माहितीची किंमत

अँथनी डाउन्स यांचा ‘अ‍ॅन इकॉनॉमिक थिअरी ऑफ डेमॉक्रसी’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळात तो स्टॅनफर्ड विद्यापीठातील त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध होता. लाखो मतांमध्ये आपल्या एका मताने निकाल बदलण्याची शक्यता अत्यल्प असल्याने, उमेदवार व धोरणे यांची माहिती मिळविण्यासाठी वेळ आणि पैसा खर्च करणे सामान्य मतदाराला परवडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मतदाराच्या अज्ञानाला ते आळस मानत नाहीत. लाभ व खर्च यांचा तो स्वाभाविक हिशेब आहे, असे ते दाखवून देतात.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. निवडणुकीविषयीची विश्वासार्ह माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा उपयोग सर्वांना होतो. मात्र ती तयार करण्याचा खर्च कोणीही एकटा उचलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ आणि १३ मार्च २००३ या दोन निर्णयांमुळे उमेदवारांची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता व शिक्षण यांची प्रतिज्ञापत्रे मतदारांसाठी खुली झाली, हे आपण जाणताच. परंतु कागद खुला झाला म्हणजे माहिती पोहोचली असे होत नाही. हजारो प्रतिज्ञापत्रे वाचून, पडताळून, तुलनायोग्य स्वरूपात मांडणारे कोणीतरी लागते. सार्वजनिक वस्तूची निर्मिती बाजारात अपुरी होते, या पाठ्यपुस्तकातील नियमाचे हे उत्तम उदाहरण आहे. अधिछात्रवृत्तीचे पहिले समर्थन येथे मिळते.

एका शिष्यवृत्तीचा इतिहास

दुसरे समर्थन आपल्या इतिहासात आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ पुढे १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थानाने त्यांना मताधिकारावर संशोधन करायला पाठविले नव्हते. तथापि जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी जी साक्ष दिली, तिच्यामागे अर्थशास्त्राची शिस्त स्पष्ट दिसते.

मालमत्तेवर आधारित मताधिकार वरवर पाहता सर्वांना सारखाच लागू होतो. परंतु ज्या समाजाला मालमत्ता संपादन करण्याचे मार्गच बंद आहेत, त्याच्यासाठी ती अट म्हणजे बंद दरवाजा ठरते, ही त्यांच्या मांडणीची दिशा होती. अस्पृश्य समाजासाठी मताधिकाराची अट शिथिल करावी आणि त्यांना पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी त्यांनी केली. त्यावेळी त्यांचे वय २७ वर्षांचे होते, म्हणजे आज या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या आसपासचे. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व स्वीकारले आणि १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ पासून, मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. हक्काची कक्षा अशी विस्तारत गेली. प्रत्येक टप्प्यावर ‘कोण बाहेर राहिले’ हा प्रश्न मात्र कोणाला तरी विचारावा लागला.

दोन प्रकारच्या चुका

शिधापत्रिकांच्या लक्ष्यनिर्धारित योजनांचा अभ्यास करताना आपण दोन प्रकारच्या चुका शिकतो. अपात्र व्यक्ती यादीत येणे ही समावेशनाची चूक आणि पात्र व्यक्ती यादीबाहेर राहणे ही वगळण्याची चूक. मतदार यादीलाही हीच कसोटी लागू होते. मृत, स्थलांतरित वा दुबार नावे राहणे ही पहिली चूक. जिवंत, पात्र, रहिवासी नागरिकाचे नाव नसणे ही दुसरी. पहिली चूक यादी वाचून शोधता येते, कारण ते नाव यादीत असते. दुसरी चूक यादी कितीही वेळा वाचली तरी सापडत नाही. तिच्यासाठी घरोघरी जावे लागते, किंवा यादीची तुलना जनगणनेसारख्या स्वतंत्र स्रोताशी करावी लागते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे उदाहरण घ्या. १९५१-५२ मध्ये सुमारे १७.३ कोटी मतदारांची नोंदणी झाली. परंतु काही राज्यांतील अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’ वा ‘तमक्याची पत्नी’ अशी ओळख दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. निर्णय कठोर होता. पण नागरिकाची ओळख स्वतःच्या नावाने व्हावी, हे तत्त्व त्यामागे होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की आयोगाने ही संख्या मोजली आणि ती अहवालात नोंदविली. तूट मोजली गेली म्हणून ती भरून काढण्याचे प्रयत्न करता आले. शमिका रवी आणि मुदित कपूर यांच्या अभ्यासानुसार, १९६० च्या दशकात मतदान करणाऱ्या दर हजार पुरुषांमागे ७१५ स्त्रिया होत्या; २००० च्या दशकात हे प्रमाण ८८३ वर गेले. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित अधिक राहिली.

आता तरुणांकडे वळू. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी १८ ते १९ वयोगटातील नोंदणीकृत मतदार सुमारे १.८ कोटी होते. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक तरुण वयाची १८ वर्षे पूर्ण करतात. या वयोगटात दोन वर्षांचे तरुण येतात, हे लक्षात घेतल्यास निम्म्याहून अधिक पात्र तरुण यादीबाहेर होते, असा निष्कर्ष निघतो. २०२१ च्या कायदेदुरुस्तीनंतर १ जानेवारीबरोबर १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले असूनही ही तूट राहिली. तिची कारणे कोणती? अनास्था, कागदपत्रे, की शिक्षणासाठीचे स्थलांतर? याचे उत्तर जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळे असू शकते आणि ते क्षेत्रीय अभ्यासाशिवाय मिळणार नाही.

हा विषय तुमच्या वसतिगृहाच्या दारापर्यंत येतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार नोंदणी ‘सामान्यतः निवासी’ या निकषावर होते. एखाद्या ठिकाणी केवळ घर असणे पुरेसे नाही. किमान एक वर्षाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मूळ गावी किंवा शिक्षणाच्या ठिकाणी, यांपैकी एका जागी नाव नोंदविण्याची मुभा निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये आहे. मात्र ही तरतूद किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे आणि किती संस्था त्यासाठी प्रमाणपत्र देतात, हा संशोधनाचा विषय आहे. ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरील कुटुंबे, बांधकाम मजूर यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक बिकट होतो.

२०२५ मध्ये बिहारमधील मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाने दोन्ही प्रकारच्या चुकांचा प्रश्न देशापुढे आला. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत पूर्वीची सुमारे ६५ लाख नावे नव्हती. ही नावे वगळण्याच्या कारणांसह प्रसिद्ध करावीत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट रोजी दिला. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत सुमारे ७.४२ कोटी मतदार होते. या प्रक्रियेविषयी मतभेद आहेत आणि ते मांडले गेले आहेत. अभ्यासकाचे काम त्याहून वेगळे आहे. नाव आणि कारण दोन्ही जाहीर झाल्यावर ते कारण खरे आहे का, हे नमुना निवडून पडताळता येते. अशी पडताळणी यादीला विश्वासार्हता देते, मग निष्कर्ष कोणाच्याही बाजूचा निघो.

मताधिकाराचे आर्थिक परिणाम

मत मोजले गेल्याने नागरिकाच्या जीवनात खरोखर फरक पडतो का? थॉमस फुजिवारा यांनी ब्राझीलविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे मार्गदर्शक ठरतो. तेथील जुन्या कागदी मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव वा क्रमांक लिहावा लागे. त्यामुळे अल्पशिक्षितांची बरीच मते बाद होत. १९९८ मध्ये ४०,५०० पेक्षा अधिक मतदार असलेल्या नगरपालिका क्षेत्रांत मतदान यंत्रे आली. यंत्रांमुळे सुमारे ११ टक्के मतदारांची मते प्रत्यक्ष मोजली जाऊ लागली. त्यानंतर राज्य शासनांचा आरोग्यावरील खर्च वाढला आणि अल्पशिक्षित मातांच्या कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण घटले, असे त्यांना आढळले. कायद्यात कोणताही नवा हक्क दिला गेला नव्हता; असलेला हक्क केवळ कार्यान्वित झाला होता.

आपल्याकडे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधील ग्रामपंचायतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदाचे आरक्षण फिरत्या पद्धतीने ठरत असल्याने आरक्षित व अनारक्षित पंचायतींची तुलना शक्य झाली. स्त्री नेतृत्वाखालील पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक गुंतवणूक केल्याचे दिसले. स्त्रियांच्या तक्रारींमध्येही पाण्याला अग्रक्रम होता. प्रतिनिधित्व आणि सार्वजनिक खर्च यांचा संबंध अशा अभ्यासांतून सिद्ध होतो. घोषणांतून होत नाही.

उपलब्ध संधी आणि उणिवा

आपल्या देशात या क्षेत्रात पूर्ण पोकळी आहे, असे म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रुपये झाली. तिच्या आधारे राज्यशास्त्र वा अर्थशास्त्राचा विद्यार्थी निवडणूक हा विषय घेऊ शकतो. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद पीएच.डी. साठी साहाय्य देते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी अधिछात्रवृत्त्या दिल्या आहेत. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेने २०१० मध्ये तरुण पदवीधरांना एकेका खासदाराबरोबर संसदीय कामाचा अनुभव देणारा उपक्रम सुरू केला. विकसनशील समाज अध्ययन केंद्राच्या ‘लोकनीती’ कार्यक्रमाच्या निवडणूक सर्वेक्षणांत विद्यापीठीय विद्यार्थी क्षेत्रकार्य करीत आले आहेत.

तथापि मताधिकार आणि नागरी सहभाग हाच केंद्रविषय असलेल्या अधिछात्रवृत्त्या आपल्याकडे विरळ आहेत. त्या आखताना चार गोष्टींचा विचार व्हावा, असे मला वाटते. पहिली, कालावधी. निवडणुकीच्या काही आठवड्यांत अभ्यास होत नाही. याद्यांचे पुनरीक्षण, मतदान आणि त्यानंतरचे अंदाजपत्रक असे पूर्ण चक्र पाहता आले पाहिजे. दुसरी, क्षेत्रकार्याचा खर्च. निर्वाह भत्ता महानगरात राहण्यापुरता असेल, तर संशोधक दुर्गम तालुक्यात पोहोचणार नाही. तिसरी, स्वातंत्र्य. निधी देणाऱ्याला निष्कर्ष ठरविण्याचा अधिकार नसावा आणि संशोधकाने अभ्यासकाळात कोणत्याही पक्षाचे प्रचारकार्य करू नये. चौथी, भाषा. ज्या गावात माहिती गोळा केली, त्या गावाच्या भाषेत निष्कर्षांचा सारांश प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे.

विद्यार्थ्यांना विनंती

आपल्यापैकी अनेक जण स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. अनुच्छेद ३२४ ते ३२९, ६१ वी दुरुस्ती, राष्ट्रीय मतदार दिवस २५ जानेवारी, हे सारे तुम्हाला पाठ असेल आणि ते असायलाच हवे. उद्या तुमच्यापैकी कोणी तहसीलदार वा उपजिल्हाधिकारी होईल आणि मतदार नोंदणीची जबाबदारी त्याच्याकडे येईल. त्यावेळी समोर येणारा कागद म्हणजे एक यादी असेल, आणि त्या यादीत नसलेला माणूस तुमच्या टेबलापर्यंत आपणहून येईलच असे नाही.

म्हणून अधिछात्रवृत्ती मिळण्याची वाट न पाहता एक लहान अभ्यास आजच करता येईल. आपल्या भागातील एका मतदान केंद्राची यादी घ्या. ती साधारण हजार-बाराशे नावांची असते. स्त्री-पुरुष प्रमाण काढा, १८ ते १९ वयोगटातील नावे मोजा आणि २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांशी त्यांची तुलना करा. ते आकडे जुने आहेत आणि पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक अधिसूचित झाला आहे, याची नोंद अभ्यासात जरूर घ्या. मग वीस-पंचवीस घरे निवडून प्रत्यक्ष विचारा. जी नावे सुटलेली आढळतील, त्यांच्यासाठी नमुना ६ चा अर्ज भरून देण्यास साहाय्य करा आणि आपले निष्कर्ष मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला कळवा. या अभ्यासातून परीक्षेत कदाचित एकही गुण वाढणार नाही. परंतु त्या केंद्रावर पुढच्या वेळी चार नागरिक स्वतःच्या नावाने मतदान करतील, आणि त्यांची नोंद पुढच्या अभ्यासकाच्या आकड्यांत असेल.