डिपॉझिट परत मिळण्याची कायद्यात सोय हवी



  आपल्या वकिलांच्या या सभेचा विषय घरभाडे कायद्यातल्या बदलांचा आहे, तेव्हा रीतीप्रमाणे आधी आढावा.

1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून ठेवली. डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी अन्यायकारक ठरवली. पुढे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्याचे वेगवेगळे कायदे जाऊन एक कायदा झाला, जुन्या भाड्यावर वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली, पागडीला मान्यता मिळाली. 2021 मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला.

आढावा इथेच थांबवतो. पागडीच्या चाळी आणि पुनर्विकास यांवर कालपासून भरपूर बोलणं झालं. पण आज पुण्या-मुंबईत नव्याने घर भाड्याने घेणारा माणूस बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहतो, आणि त्याचं डिपॉझिट त्याला परत मिळण्याबद्दल या मंडपात कुणी अवाक्षर काढलं नाही. हे मला फार वर्षांपासून बोलायचं होतं.

माझ्याकडे एक परिचारिका आली होती. अकरा महिन्यांचा करार संपला, भाड्याची एक पैही बाकी नव्हती, सामान टेम्पोत चढलं होतं. मालक किल्ली घ्यायला आले आणि प्रत्येक खोलीतल्या भिंतीवरून हात फिरवत हिंडले. हॉलमध्ये कॅलेंडरचा खिळा, स्वयंपाकघरात गॅसच्या वर फोडणीचे तेलकट डाग. करारात एजंटने छापील ओळ टाकलेली होती, ‘पेंटिंग चार्जेस’ची. तिच्या जोरावर अख्ख्या घराचा रंग तिच्या डिपॉझिटमधून वळता झाला. उरलेले पैसे ‘नवा भाडेकरू आला की देतो’. नव्या घराचं डिपॉझिट तिला त्याच संध्याकाळी भरायचं होतं. तिने मला विचारलं, अर्ज कुठे करू? मी दिवाणी दाव्याचा रस्ता सांगितला. कोर्ट फी, तारखा आणि बुडालेल्या पाळ्या यांचा हिशेब तिने माझ्यासमोर बोटांवर मांडला आणि ती उठून गेली.

आता मालकाची बाजू बघा. 1999 च्या कायद्यातल्या कलम 24 नुसार मुदत संपली आणि राहणारा हलला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. करारात लिहिलेलं तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं, बचाव करायलासुद्धा राहणाऱ्याला आधी परवानगी मागावी लागते. वर दुप्पट दराने भरपाई. हे कलम मी स्वतः कितीतरी मालकांसाठी वापरलं आहे आणि ते असायलाच हवं. पण डिपॉझिट परत करण्याबद्दल त्याच कलमात एक शब्द नाही. आणि मुद्रांक शुल्क? परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून सरकार त्यावरही शुल्क घेतं. शुल्क घेण्यापुरतं सरकारला डिपॉझिट दिसतं. ते अडकलं की त्याच सरकारकडे अर्ज द्यायला खिडकी नाही. मला याची चीड येते.

कालच्या सत्रात आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले की मोठं डिपॉझिट हाच मालकाचा एकमेव आधार आहे. मी त्यांचा आदर करतो, पण हे मला मान्य नाही. सदाशिव पेठेतल्या माझ्या एक अशील, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या, वरच्या मजल्याच्या भाड्यावर त्यांचं औषधपाणी चालायचं. डिपॉझिट कायम दोन महिन्यांचं, आणि ते बँकेत वेगळ्या खात्यात. एकदा एक गृहस्थ मुदतीनंतरही बसून राहिले. बाईंनी वाट न बघता कलम 24 चा अर्ज केला आणि जागा परत मिळवली. त्यांना आधार दिला तो नोंदवलेल्या कराराने आणि वेळेवर केलेल्या अर्जाने. ज्यांना सहा-सहा महिन्यांचं डिपॉझिट लागतं, त्यांतल्या अनेकांनी ते आधीच खर्चून टाकलेलं असतं. जुन्याचे पैसे नव्याच्या डिपॉझिटमधून द्यायचे, हीच त्यांची रीत. घर रिकामं राहिलं की जुना अडकला.

आदर्श कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांची आहे आणि ताबा घेतानाच, रास्त वजावट करून, ते परत करायचं आहे. पण घरभाडं हा राज्याचा विषय असल्याने तो इथे आपोआप लागू होत नाही. आपण निदान एवढी मागणी लावून धरू: ज्या प्राधिकाऱ्याकडे मालक ताब्यासाठी जातो, त्याच्याकडेच राहणाऱ्याला डिपॉझिटसाठी जाता यावं, आणि थकलेल्या डिपॉझिटवरही दुप्पट रक्कम लागू व्हावी.

शिवाय करार आपल्याच कार्यालयांतून निघतात. रंगाची ती छापील ओळ आजपासून आपल्या मसुद्यातून काढून टाका. ताबा देताना भिंती, नळ, गीझर यांचे फोटो कराराला जोडा. नमुना मसुद्यासाठी एक छोटी समिती बसवावी असं वाटतं. तिचं स्वरूप कार्यकारिणीने ठरवावं, मी हवा तेवढा वेळ देईन. ठराव आजच्या समारोपाच्या सत्रात मांडतो आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहून बोलावं, उत्तर द्यायला मी इथेच आहे.